यंत्रातील यंत्राचा पडदा : आभासी संगणकासाठी चित्रकार्डाचे पर्याय आणि त्यांची नोंद

१. कारखाना टिकतो, संगणक जुना होतो

भिलाईच्या पोलाद कारखान्यासंबंधीचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. दुर्ग जिल्हा त्या वेळी जुन्या मध्यप्रदेशात मोडत असे व त्या राज्याची राजधानी नागपूर होती; छत्तीसगड हे निराळे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. वर्षाला दहा लाख टन पोलाद तयार करणे हे पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट होते. सोव्हिएत यंत्रे आली, त्यांच्यामागोमाग तेथील तज्ज्ञ आले, आणि ते तज्ज्ञ व भारतीय कामगार यांच्यामध्ये दुभाषे उभे राहिले. यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्याच्या प्रत्येक कळीचा अर्थ चालवणाऱ्याला समजेल अशा भाषेत लिहिलेला नसेल, तर ते यंत्र त्याच्यापुरते मुकेच राहते. हा अनुभव प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या उभारणीत येतो.

आज अशा कारखान्यांत, रुग्णालयांत व प्रयोगशाळांत संगणक काम करीत असतात. तेथे एक विलक्षण विसंगती उत्पन्न होते. झोतभट्टी किंवा रेल्वेचे रूळ तयार करणारी रोलिंग मिल पिढ्यान्‌पिढ्या चालावी अशा बेताने उभारलेली असते. तिच्या शेजारचा संगणक मात्र पाच-दहा वर्षांत जुना होतो. समजा, एखाद्या कार्यशाळेत १९९८ साली तापमान व दाब यांच्या तबकड्या पडद्यावर दाखविणारी एक आज्ञावली बसविण्यात आली. आज्ञावली अजून निर्दोष आहे. परंतु ज्या संगणकावर ती चालत असे, तशा संगणकाचे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. आज्ञावली नव्याने लिहावी, तर खर्च मोठा, आणि मूळ लिहिणारे निवृत्त झालेले. अशा वेळी जो उपाय योजतात, त्याला ‘आभासी संगणक’ किंवा ‘व्हर्च्युअल मशीन’ असे म्हणतात.

या उपायाचे यश एका लहानशा निवडीवर पुष्कळदा अवलंबून असते. आभासी संगणकाला कोणत्या प्रकारचे चित्रकार्ड द्यावयाचे, ही ती निवड होय. ती चुकली म्हणजे आतली आज्ञावली बिनचूक चालत असूनही पडदा काळा राहतो, आणि पाहणारा समजतो की सर्वच बिघडले.

२. यजमान आणि पाहुणा

आभासी संगणक म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात, आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला दुसरा संगणक. खऱ्या संगणकाला ‘यजमान’ व आतल्याला ‘पाहुणा’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पाहुण्याला स्वतःचा प्रोसेसर, स्मृती, डिस्क व नेटवर्क कार्ड असल्याचे भासते. प्रत्यक्षात त्याची डिस्क म्हणजे यजमानाच्या डिस्कवरील एक फाइल असते. त्याचे नेटवर्क कार्ड म्हणजे केवळ एक आज्ञावली असते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात १९६० नंतरच्या दशकात तिचे पहिले प्रयोग झाले, आणि १९७२ साली त्या कंपनीने ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली. एका महाकाय संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे व प्रत्येकाला संपूर्ण यंत्र आपल्याच मालकीचे वाटावे, हा तिचा हेतू होता. टेबलावरच्या संगणकांसाठी व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली असे साधन विक्रीस आणले. फ्रेंच आज्ञावलीकार फाब्रिस बेलार यांनी २००३ साली ‘क्यूएमू’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता व सुधारता येतो. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात ‘केव्हीएम’ हा भाग समाविष्ट झाला, आणि या दोहोंच्या जोडीने आभासी संगणक शाळा-महाविद्यालयांच्याही आवाक्यात आले. पुढील विवेचनात क्यूएमूमधील पर्यायच उदाहरणादाखल घेतले आहेत.

३. पडद्यावर चित्र कसे उमटते?

संगणकाच्या पडद्यावरील चित्र हे बारीक बिंदूंचे बनलेले असते. प्रत्येक बिंदूचा रंग एका आकड्याने व्यक्त होतो आणि हे सर्व आकडे स्मृतीच्या एका सलग पट्ट्यात ओळीने मांडलेले असतात. या पट्ट्याला ‘फ्रेमबफर’ म्हणतात. मराठीत त्याला ‘चित्रस्मृती’ म्हणता येईल. चित्रकार्ड ही स्मृती दर सेकंदाला अनेक वेळा वाचून पडद्याकडे पाठविते. आज्ञावलीला चित्र बदलावयाचे असेल, तर तिने चित्रस्मृतीतील आकडे बदलले की पुरे.

हिशेब सोपा आहे. १९८७ साली आयबीएमने ‘व्हीजीए’ ही चित्रपद्धती आणली. तिच्यात ६४० आडवे व ४८० उभे बिंदू, सोळा रंगांत दाखविता येत. सोळा रंगांना चार बिट पुरतात; म्हणून एका चित्राला १,५३,६०० बाइट लागत. आजच्या सामान्य पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० बिंदू असतात व प्रत्येक बिंदूला चार बाइट दिलेले असतात. म्हणजे एका चित्राला ८२,९४,४०० बाइट झाले. असे चित्र सेकंदाला साठ वेळा पाठवावयाचे म्हटले, तर दर सेकंदाला सुमारे पन्नास कोटी बाइटांची वाहतूक होते.

खऱ्या संगणकात हा भार त्याच कामासाठी बांधलेले कार्ड वाहते. आभासी संगणकात कार्डच आभासी असते. त्यामुळे पाहुण्याने चित्रस्मृतीत काय बदलले, हे यजमानाला शोधून काढावे लागते. यजमान स्मृतीची वाटणी ४,०९६ बाइटांच्या ‘पानां’त करतो आणि कोणत्या पानावर नवे लेखन झाले एवढेच पाहतो. एका ओळीत १,०२४ बिंदू व प्रत्येकी चार बाइट असतील, तर चित्राची एक ओळ बरोबर एका पानात बसते. पाहुण्याने त्या ओळीतला एकच बिंदू बदलला, तरी यजमानाला सबंध ओळ बदलली असे धरून चालावे लागते.

४. कार्ड वेगळे, खिडकी वेगळी

पर्यायांकडे वळण्यापूर्वी एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. आभासी संगणकाच्या चित्राला दोन टोके असतात. एक टोक पाहुण्याच्या बाजूला आहे. ते म्हणजे आभासी चित्रकार्ड. दुसरे यजमानाच्या बाजूला आहे. ते म्हणजे चित्र दाखविणारी खिडकी. ही खिडकी यजमानाच्याच पडद्यावर उघडेल, किंवा ‘व्हीएनसी’ अथवा ‘स्पाइस’ या पद्धतींनी दुसऱ्या गावातल्या पडद्यावरही उघडेल.

ही दोन टोके बहुतांशी परस्परांपासून स्वतंत्र असतात. कार्ड बदलले तर पाहुण्याला नवे यंत्र जोडल्यासारखे वाटते; खिडकी बदलली तर पाहुण्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चित्र दिसत नसल्यास दोष कोणत्या टोकाला आहे हे आधी ठरवावे लागते. ज्या माहितीपुस्तिकेत ही दोन टोके एकाच यादीत मिसळलेली असतात, ती वाचून वाचक खिडकीचा दोष कार्डाच्या माथी मारतो आणि तासन्‌तास भलतीकडेच शोध घेत बसतो.

५. पर्याय कोणते?

*सामान्य व्हीजीए.* हे अत्यंत साधे व म्हणूनच भरवशाचे कार्ड होय. जुन्या व्हीजीएच्या सर्व रीती त्याला कळतात, आणि मोठ्या चित्रांसाठी जोडलेली वाढीव पद्धतीही त्यात असते. त्यामुळे संगणक सुरू होतानाची अक्षरेही त्यावर दिसतात व पुढे कार्यप्रणालीचे रंगीत चित्रही दिसते. त्याला साधारणतः १६ मेगाबाइट चित्रस्मृती दिलेली असते. २,५६० गुणिले १,६०० बिंदूंच्या चित्राला १,६३,८४,००० बाइट लागतात. १६ मेगाबाइट म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. हे चित्र त्यात जेमतेम मावते. ३,८४० गुणिले २,१६० बिंदूंच्या चित्राला मात्र ३,३१,७७,६०० बाइट हवेत. तेव्हा स्मृतीचा आकडा वाढवूनच द्यावा लागतो.

*सिरस.* सिरस लॉजिक या कंपनीच्या एका जुन्या, बाजारात खरोखर विकल्या गेलेल्या कार्डाची ही हुबेहूब नक्कल आहे. विंडोज ९५ च्या काळातील कार्यप्रणाली हे कार्ड आपणहून ओळखीत. म्हणून क्यूएमूने प्रारंभी तेच कार्ड गृहीत धरले होते. त्याची चित्रस्मृती चार मेगाबाइट, म्हणजे ४१,९४,३०४ बाइट आहे. १,२८० गुणिले १,०२४ बिंदू, प्रत्येकी चार बाइट, असे चित्र मागितले तर ५२,४२,८८० बाइट लागतील. ते त्यात मावतच नाही. जुन्या पाहुण्यासाठी याची गरज पडू शकते. नव्या पाहुण्याला हे देण्याचे कारण नाही.

*बॉक्स-डिस्प्ले आणि रॅमएफबी.* पहिल्यात सामान्य व्हीजीएमधील पुरातन रीती वगळून केवळ सरळ चित्रस्मृती ठेवली आहे. यंत्रात भाग जितके कमी, तितकी बिघाडाची स्थाने कमी, हे तत्त्व येथे लागू पडते. मात्र जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या व व्हीजीएच्या अक्षरपद्धतीवर विसंबणाऱ्या पाहुण्याला ते उपयोगाचे नाही. रॅमएफबीमध्ये पाहुण्याच्या मुख्य स्मृतीतलाच एक तुकडा चित्रासाठी राखून ठेवतात. संगणक सुरू होतानाच्या टप्प्यापुरते ते पुरेसे असते.

*क्यूएक्सएल.* हे कार्ड कोणत्याही खऱ्या कार्डाची नक्कल नाही. ‘येथे चौकट भर, तेथील चित्र इकडे हलव’ अशा आज्ञाच पाहुण्याने पाठवाव्या, बिंदूंचा ढीग पाठवू नये, अशी त्यामागची कल्पना होती. दूरच्या पडद्यावर कमी वाहतुकीत चित्र पोचावे म्हणून कुमरानेट या कंपनीने ते स्पाइस पद्धतीबरोबर बांधले. ही कंपनी २००८ साली रेड हॅटने विकत घेतली. या रेड हॅट कंपनीचे एक अभियांत्रिकी केंद्र पुण्यातही आहे. पुढे कार्यप्रणाल्या स्वतःचे चित्र निराळ्या, त्रिमितीय रीतीने काढू लागल्या आणि क्यूएक्सएलच्या द्विमितीय आज्ञांचा उपयोग कमी झाला. रेड हॅटने आपल्या लिनक्स वितरणाच्या नवव्या आवृत्तीतून ते वगळले. या कार्डाच्या स्मृतीचे तीन निरनिराळे आकडे द्यावे लागतात व त्यांची नावे एकमेकांशी मिळतीजुळती आहेत. तिन्हींचे काम वेगळे आहे हे लिहून ठेवले नसेल, तर मनुष्य हटकून चुकीचा आकडा वाढवितो.

*व्हर्टआयओ-जीपीयू.* ‘व्हर्टआयओ’ म्हणजे पाहुणा व यजमान यांनी उघडपणे एकमेकांशी बोलण्याची ठरविलेली रीत. येथे खोटे सोंग नाही. आपण आभासी यंत्रात आहोत हे पाहुण्याला ठाऊक असते. तो चित्र आपल्या स्मृतीत तयार करतो आणि ‘एवढा आयत बदलला, तेवढाच घे’ असा निरोप एका रांगेतून यजमानाला पाठवितो. पाने चाचपून पाहण्याचे श्रम त्यामुळे वाचतात. यजमानापाशी खरे चित्रकार्ड असेल, तर त्रिमितीय चित्राच्या आज्ञाही त्याच्याकडे सोपविता येतात. लिनक्समध्ये यासाठी लागणारा ड्रायव्हर २०१५ सालापासून आहे. याचे दोन प्रकार लक्षात ठेवावे : एकात जुन्या व्हीजीएची सोय जोडलेली आहे, दुसऱ्यात नाही. पाहुण्यापाशी ड्रायव्हर नसेल तर पहिला प्रकार निदान साधे चित्र दाखवितो; दुसरा काहीच दाखवीत नाही.

*खरे कार्ड सोपविणे.* यजमानाला जोडलेले एखादे खरे चित्रकार्डच सबंध पाहुण्याच्या स्वाधीन करता येते. वेग जवळजवळ खऱ्या संगणकाइतका मिळतो. परंतु ते कार्ड त्या काळापुरते यजमानाला पारखे होते, आणि चालू असलेला पाहुणा एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविणे अवघड होऊन बसते.

*पडदाच नको.* अनेक पाहुण्यांना पडद्याची गरज नसते. माहिती साठविणारा किंवा संकेतस्थळ चालविणारा संगणक सीरियल मार्गाने अक्षरांतून बोलला तरी भागते. कार्ड न देणे हाही एक पर्याय आहे व तो यादीत लिहिलेला असावा.

६. न लिहिलेल्या गोष्टींची किंमत

पर्यायाची निवड ही केवळ सोयीची बाब नाही, हे २०१७ साली स्पष्ट झाले. सिरस कार्डात चित्राचा आयत एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविण्याची सोय आहे. ही हालचाल उलट दिशेने करताना चित्रस्मृतीची हद्द ओलांडली जाते की काय, याची तपासणी क्यूएमूमध्ये अपुरी होती. त्यामुळे पाहुण्यातील अधिकारसंपन्न आज्ञावलीला हद्दीबाहेरच्या, म्हणजे यजमानाच्या बाजूच्या स्मृतीला हात घालता येऊ शकत होता. पाहुण्याने घराच्या भिंतीलाच खिंडार पाडावे, तसा हा प्रकार होता. दोष ध्यानात येताच दुरुस्ती प्रसिद्ध झाली. पण दुरुस्तीपूर्वीच्या काळात ज्यांनी गरज नसता हे कार्ड ठेवले होते, त्यांनी तो धोका विनाकारण पत्करला होता.

आणि पुष्कळांना आपण ते कार्ड ठेवले आहे हेच ठाऊक नसण्याचा संभव होता. आज्ञेत कार्डाचे नाव न लिहिल्यास क्यूएमू एक कार्ड आपणहून देते. ते कार्ड आधी सिरस होते. डिसेंबर २०१४ मध्ये निघालेल्या २.२ या आवृत्तीपासून त्या जागी सामान्य व्हीजीए आले. ज्यांनी कार्डाचे नाव किंवा यंत्राची आवृत्ती लिहिली नव्हती, त्यांच्या पाहुण्याच्या दृष्टीने एका रात्रीत कार्ड बदलले. आणि ज्यांनी जुनी आवृत्तीच चालू ठेवली, त्यांच्याकडे नकळत सिरस राहिले. मौन हीसुद्धा एक निवडच असते. म्हणून न लिहिल्यास काय मिळते हे पुस्तिकेने सांगितलेच पाहिजे.

७. चांगली नोंद कशी असावी?

पर्यायांच्या पुस्तिकेत पुष्कळदा एका नावासमोर एकच ओळ असते. ‘सिरस : सिरस लॉजिक कंपनीचे कार्ड’ अशी नोंद खोटी नाही, पण ज्याला सिरस म्हणजे काय हे आधीच ठाऊक आहे, त्यालाच ती कळते, आणि त्याला तिची गरज नसते. औषधाच्या बाटलीवर केवळ नाव असावे, मात्रा व पथ्य नसावे, तशी ही स्थिती होय.

उपयुक्त नोंद पुढील प्रश्नांची उत्तरे देते : हे कार्ड पाहुण्याला काय असल्याचे भासते? त्यासाठी पाहुण्याला वेगळा ड्रायव्हर लागतो काय? संगणक सुरू होण्याच्या क्षणापासून चित्र दिसते, की कार्यप्रणाली उभी राहिल्यावर? चित्रस्मृती किती व ती वाढविता येते काय? कोणत्या पाहुण्यासाठी हे योग्य, आणि कोणासाठी अयोग्य? सुरक्षिततेच्या दृष्टीने काय ध्यानात ठेवावे? आणि हे सर्व कोणत्या आवृत्तीविषयी लिहिले आहे?

या कसोटीने सिरसची नोंद अशी होईल : ‘१९९० नंतरच्या दशकातील एका कार्डाची नक्कल. त्या काळच्या कार्यप्रणाली वेगळ्या ड्रायव्हरवाचून ओळखतात. प्रारंभापासून चित्र दिसते. चित्रस्मृती चार मेगाबाइट; मोठ्या चित्रांस अपुरी. जुन्या पाहुण्याला दुसरे कार्ड चालत नसेल तरच वापरावे. अन्यथा सामान्य व्हीजीए घ्यावे. २०१७ मधील दुरुस्तीपूर्वीची आवृत्ती वापरू नये. २.२ पूर्वी, नाव न लिहिल्यास हेच कार्ड मिळत असे.’ आठ लहान वाक्ये झाली. पण ती वाचणाऱ्याला अनुभवी मनुष्याला विचारण्याची गरज उरत नाही.

यांतील ‘अयोग्य कोणासाठी’ हे उत्तर देण्यास लिहिणारे सहसा कचरतात, कारण त्यात आपल्या यंत्राचे उणे सांगावे लागते. वाचकाचा वेळ सर्वाधिक त्याच उत्तराने वाचतो. आवृत्तीचा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. आकड्यावाचूनची नोंद लिहिली त्या दिवशी खरी असते. आज्ञावली बदलत गेली म्हणजे ती नकळत खोटी होते, आणि खोटी झाल्याचे तिच्याकडे पाहून कळत नाही.

८. कार्यशाळेतील त्या आज्ञावलीचे काय?

आता प्रारंभी घेतलेल्या उदाहरणाचा निकाल लावता येईल. १९९८ ची आज्ञावली त्या काळच्या कार्यप्रणालीवर चालते. तिला व्हर्टआयओची भाषा कळणार नाही, आणि व्हीजीए नसलेले कार्ड दिल्यास पडदा काळाच राहील. तेव्हा प्रथम सामान्य व्हीजीए देऊन पाहावे. चित्र अपुरे वाटले किंवा कार्यप्रणालीने ते कार्ड नीट ओळखले नाही, तर सिरस घ्यावे. मात्र दुरुस्त झालेल्या आवृत्तीत, आणि तो आभासी संगणक बाहेरच्या जाळ्यापासून अलग ठेवून. याच यजमानावर नवे लिनक्स चालविणारा दुसरा पाहुणा असेल, तर त्याला व्हर्टआयओ द्यावे. केवळ माहिती साठविणाऱ्या तिसऱ्याला पडद्याची आवश्यकताच नाही. एकाच छपराखाली तीन पाहुणे आणि तिघांची तीन निराळी उत्तरे, हे यावरून दिसते. ‘उत्तम कार्ड कोणते’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणासाठी’ हे शब्द त्याला जोडल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही.

निवड झाल्यावर ती कागदावर उतरवून यंत्रापाशी ठेवावी : कोणते कार्ड दिले, किती स्मृती दिली, कोणती आवृत्ती होती, कोणता पर्याय चालला नाही, आणि का. भिलाईतील दुभाष्यांचे काम यंत्र सुरू झाल्यावर थांबले नसते, जर त्यांनी सांगितलेले कोणी लिहून ठेवले नसते. आज यंत्र जुळविणारा मनुष्यही उद्या बदलीवर जाईल किंवा निवृत्त होईल. त्याच्यामागून येणाऱ्याने काळा पडदा पाहून जुनी, निर्दोष आज्ञावली टाकून द्यावी, की दोन ओळी वाचून ती पुन्हा चालू करावी, हे त्या कागदावर ठरणार आहे.